दातांच्या दवाखान्यातलं चित्र

चित्र दुकानात आलं तेव्हा भावाने त्याची एक बाजू धरली होती आणि बहिणीने दुसरी. दार अरुंद. एकाने हात सोडला असता तर दुसऱ्याने ते सहज आत आणलं असतं, पण सोडायला कोणी तयार नव्हतं. शेवटी खेकड्यासारखे आडवे चालत, कोपरं दाराला घासून घेत दोघं आत आले. चित्र टेबलावर टेकल्यावरही दोघांचा एकेक हात त्याच्यावर होताच.

"वहिनी, गिऱ्हाईक!" नणंदेने गल्ल्यावरून हाक मारली.

वहिनी आतून हात पुसत आल्या. फ्रेमचं हे दुकान त्यांच्या सासऱ्यांचं. मुलाला या कामात रस नव्हता, म्हणून सासऱ्यांनी सुनेला शिकवलं, आणि सून तीस वर्षं त्यात टिकून राहिली. खरं तर त्या एकट्या नणंदेच्या वहिनी, पण दिवसभर तिच्या हाका ऐकून सगळा बाजारच त्यांना वहिनी म्हणायला लागला होता. फ्रेमा बनवायच्या, जुनी चित्रं साफ करायची आणि कोणी विचारलं तर चित्राचा दर्जा नि किंमत काय ते लेखी द्यायचं, असं त्यांचं काम.

"हे खरं आहे का ते सांगा," भाऊ म्हणाला.

"आणि लेखी सांगा," बहीण म्हणाली. "दोन प्रती. एक ह्याला, एक मला."

भाऊ पन्नाशीचा, विमा कंपनीत दावे तपासणारा. आग खरंच लागली की लावली, गाडी ठोकली गेली की ठोकून घेतली, हे शोधण्यात त्याची उमर गेली होती आणि तो समोरच्या माणसाकडे बघायचाही तसाच. बहिणीचं औषधांचं दुकान. तिने वहिनींच्या मागच्या फळीवरची वार्निशची बाटली उचलली, उलटी केली आणि तळाची तारीख वाचली.

हकीगत सरळ होती. त्यांचे वडील दातांचे डॉक्टर. गेल्या वर्षी ते वारले. दवाखाना रिकामा करताना जुनं सामान घेणारा एक जण आला. खुर्च्या, कपाटं, पंखे, प्रत्येक गोष्टीला त्याने घासाघीस केली. पण बाहेरच्या खोलीतल्या या चित्रापाशी आल्यावर म्हणाला, तुम्ही म्हणाल तेवढे देतो. तिथेच भावाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने चित्र विकलं नाही, घरी नेलं. त्यावर बहिणीच्या मनात चुकचुकली.

"सहा महिने ह्याच्या घरी आहे," ती म्हणाली. "मला फोनवर सांगितलं, साधंच चित्र आहे. साधंच आहे तर मग बेडरूमला कुलूप कशाला?"

"कुलूप आधीपासून होतं," भाऊ म्हणाला.

"लावत आधीपासून नव्हतास."

वहिनींनी मध्ये न पडता चित्राकडे पाहिलं. नदीचा काठ, पांढरी छत्री घेतलेली बाई, पाण्यात एक होडी, लांब दगडी पूल. खाली उजवीकडे फ्रेंच वळणाची सही. सगळ्यावर चहासारखा तपकिरी थर. भोवती कोरीव लाकडाची भारी फ्रेम आणि फ्रेमच्या आत एक सपाट पट्टी. तीन बाजूंना अंगठाभर, डावीकडे मात्र चांगली चार बोटं रुंद. कोणीतरी अडाणीपणे बसवलेली दिसते, एवढंच त्यांच्या मनात आलं.

त्यांनी भिंग काढलं आणि छत्रीवर धरलं. मग बाईच्या चेहऱ्यावर, मग सहीवर. सहीवर जरा जास्त वेळ.

"बघा," त्यांनी भिंग भावाच्या हातात दिलं. "काय दिसतं?"

"ठिपके."

"लाल, निळे, पिवळे, काळे. हे छापलेलं आहे. मूळ चित्र कुणा फ्रेंच चित्रकाराचं असेल, पण हे त्याचं छापील रूप, कापडावर चिकटवलेलं. घर सजवायला लोक घेतात तसं. वरून पारदर्शक लेप दिलाय, ब्रशचे फटकारे दिसावेत म्हणून. पण हे फटकारे बघा, पाण्यावर आडवे आणि बाईच्या गालावरूनही तसेच आडवे गेलेत. हाताने रंगवणारा माणूस गाल असा रंगवत नाही. सहीसुद्धा ठिपक्यांची आहे."

बहिणीने भिंग ओढून घेतलं आणि बराच वेळ सही बघितली.

"मग तो सामानवाला वाटेल ते द्यायला का निघाला होता?" तिने विचारलं.

"ते मला आत्ता सांगता येणार नाही. फ्रेम उघडून पाठीमागून बघावं लागेल. साफही करावं लागेल. आठवडा लागेल."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आठवडाभर चित्र तिसऱ्याच माणसाकडे ठेवायचं, म्हणजे निदान ते दुसऱ्याकडे नसणार. एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं जमलं. वहिनींनी पावती केली, चित्राचे पुढून-मागून फोटो काढले. भावानेही काढले. बहिणीने भाऊ फोटो काढताना त्याचाच फोटो काढला.

ते गेल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, ही दोघं मला बरी वाटत नाहीत. मी म्हणते, परत द्या."

"पावती झाली आता."

"पावतीचं काय! उद्या अंगावर आलं म्हणजे?"

"सगळ्यांवर संशय घेत बसायचं तर दुकान कशाला उघडायचं?" वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी ते चित्र फळीवर ठेवलं नाही, आतल्या कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भावाचा फोन आला. "ती एकटी आली होती का?" संध्याकाळी बहिणीचा. "दादाने तुम्हाला वेगळं काही सांगितलं का? म्हणजे, लिहिताना किंमत कमी दाखवा वगैरे?" वहिनींनी दोघांना नाही म्हटलं. दोघांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेम उघडली. मागचे खिळे पकडीने एकेक उचलले, गंज चित्राला लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरला. मग आतली पट्टी सुटी झाली आणि वहिनींचा हात थांबला.

डाव्या पट्टीखाली एक कुत्रं होतं.

काठावरच्या गवतात पुढचे पाय रोवून होडीवर भुंकत उभं राहिलेलं. तोंड पार फाकलेलं, वरखालचे सगळे दात बाहेर. चित्राचा बाकी भाग धुरकट, पण कुत्रं मात्र काल छापल्यासारखं झळझळीत.

"अगं बाई!" नणंद पाठीमागून म्हणाली. "हे कुठून आलं?"

"होतंच. पट्टीखाली झाकलं होतं."

"त्यांना माहीत आहे?"

वहिनींनी पट्टी कुत्र्यावर परत धरून पाहिली. तीस वर्षांत त्यांनी शेकडो फ्रेमा उघडल्या होत्या. फ्रेमखाली चित्राची कड थोडीफार झाकली जातेच, बोटभर, फार तर दोन. चार बोटं आणि अख्खं जनावर कोणी उगीच झाकत नाही. मग हळूच दुसरा विचार आला. त्यांना हे माहीत असलं तर? माहीत असून बोलले नसतील तर? उद्या येऊन म्हणायचं, आमच्या चित्रात कुत्रं नव्हतं, आमचं खरं चित्र काढा. दोघांचं भांडणसुद्धा दाखवायचंच असेल तर?

"फोन करून सांगून टाका," नणंद म्हणाली.

वहिनींनी फोन हातात घेतलाही होता. पण आधी कोणाला करायचा? भावाला केला तर बहीण म्हणणार, त्याला आधी का? आणि बहिणीला केला तर तेच उलट. समोरासमोर दोघांना एकदमच दाखवू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ही चूक झाली, हे त्यांना नंतर कळलं. त्यांनी कुत्र्याचे फोटो काढले, वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं आणि कामाला लागल्या.

आधी मऊ ब्रशने धूळ काढली. मग कोपऱ्यात, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, कापसाचा बोळा जेमतेम ओला करून फिरवून पाहिला. बोळा तपकिरी झाला, पण त्याच्यावर रंग उतरला नाही. म्हणजे पुढे जायला हरकत नव्हती. छापील चित्र कागदाचं असतं. पाणी जास्त झालं की फुगतं आणि एकदा फुगलं की कोणाच्या बापाला सपाट करता येत नाही. त्यामुळे टिकलीएवढी जागा पुसायची, कोरडी करायची, मग पुढची. दोन दिवस त्या हेच करत होत्या. आकाश निळं झालं, पुलाच्या कमानी मोजता यायला लागल्या.

फ्रेमला हात घातल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या कोपऱ्यावर कोणीतरी नखाने खरवडलेलं होतं, अलीकडचं. खरवडलेल्या जागी सोनेरी थराखाली लाल मातीचा लेप दिसत होता. त्यांनी भिंग लावलं. आतली पट्टी पितळी रंगाने रंगवलेली होती आणि काळवंडली होती. फ्रेमवरचा सोनेरी थर मात्र कुठेच काळा पडला नव्हता; खरं सोनं काळवंडत नाही. त्यांनी स्वतःशीच मान हलवली. सामानवाला चित्रासाठी नाही, फ्रेमसाठी तयार झाला होता.

आठवड्याने दोघं आले. भावाने चित्रावर नजर टाकली, आणि त्याचा चेहराच बदलला.

"हे आमचं नाही."

"साहेब, आधी ऐकून घ्या..."

"आमच्या चित्रात कुत्रं नव्हतं! माझं सगळं लहानपण त्या खोलीत गेलंय. बाई, होडी, पूल. कुत्रं कधीच नव्हतं."

"खरंच नव्हतं," बहीण म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि ती वहिनींकडे नाही तर भावाकडे बघत होती. "दादा, खरं चित्र कुठे आहे?"

"मला काय विचारतेस? इथे दिलं तेव्हा तू होतीस ना?"

"इथे दिलं ते तुझ्या घरून आलं होतं. त्याच्या आधीचे सहा महिने मी नव्हते."

वहिनींनी पट्टी आणून दाखवली, ती कुठे बसत होती ते दाखवलं, फोटो दाखवले. भावाने फोटो चाळले. "फोटो काय, कोणीही करतो. मी रोज असले फोटो बघतो."

"मग ही रेघ बघा," वहिनी म्हणाल्या. त्यांचे कान गरम झाले होते, पण आवाज त्यांनी चढू दिला नाही. कुत्र्याच्या नाकापासून सरळ वरपर्यंत एक अस्पष्ट रेघ होती. डावीकडे रंग गडद, उजवीकडे विटलेले. "वर्षानुवर्षं उजेड लागून इकडचे रंग उडालेत. पट्टीखाली उजेड गेला नाही, म्हणून तिकडचे टिकले. मी दुसरं चित्र आणलं असतं तर नेमकी पट्टीच्या मापाची रेघ कुठून आणली असती?"

"तेही करता येत असेल," भाऊ म्हणाला. "तुमचा धंदाच आहे. मी तक्रार करणार. पोलिसांत."

"करा की!" नणंद गल्ल्यावरून उठलीच. "छापील चित्र चोरायला आम्हाला काय वेड लागलंय? आणि चोरलं तर त्याच्या जागी कुत्रं कशाला देऊ? बिनकुत्र्याचंच नसतं का दिलं?"

बहीण खुर्चीवर बसली. भाऊ फोन हातात घेऊन उभा राहिला, पण त्याने नंबर लावला नाही.

वहिनींनी पट्टी उलटी करून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "ही पट्टी कोणी बसवली? कामगाराच्या हातची नाही. मागे पेन्सिलने मापं लिहिलीत, दोनदा खोडून. तुमचे वडील हाताने असं काही करायचे का?"

"बाबा सगळंच करायचे," बहीण म्हणाली. "नळसुद्धा."

"ते असताना दवाखान्यात रोज आणखी कोण असायचं?"

दोघं एकदम म्हणाले, "आई."

आई भावाकडे राहत होती, दहा मिनिटांवर. तिला आणायला कोणी जायचं यावर पुन्हा अडलं, कारण जो जाईल तो वाटेत तिला पढवेल. शेवटी दोघंही गेले. ते गेल्यावर नणंदेने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि चहा ठेवला. वहिनींचा कप तसाच निवला. तीस वर्षांत त्यांच्यावर चोरीचा आळ कधी आला नव्हता. म्हातारीला आठवलं नाही तर? किंवा ती मुलाच्याच बाजूने बोलली तर? मुलाच्या घरात राहते शेवटी.

आई आली ती काठी टेकत, दोन्ही मुलांचे हात झटकत. एक्क्याऐंशीची, अंगाने चिमणीएवढी. खुर्चीवर बसायच्या आधीच तिचं लक्ष टेबलावर गेलं.

"अय्या!" ती म्हणाली. "निघालं का ते कुत्रं बाहेर!"

वहिनींनी टेबलाची कड धरली.

"आई, तुला माहीत होतं?" मुलीने विचारलं.

"मला नाही तर कोणाला? चित्र मीच आणलं. घरसजावटीचं एक दुकान बंद होत होतं, तिथून. तुझ्या बाबांना म्हटलं, पेशंट ताटकळतात, भिंतीवर काहीतरी बघायला हवं. सासूबाईंचा मोठा आरसा फुटला होता, त्याची फ्रेम पडून होती. ती चित्राला मोठी झाली, म्हणून त्यांनी आतून पट्ट्या बसवल्या. आधी सगळ्या सारख्याच होत्या. कुत्रं दिसायचं."

"मग झाकलं कशाला?" मुलगा म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकली. वहिनींनी पाणी दिलं.

"अरे, तुझ्यामुळे! तीन वर्षांचा होतास. दवाखान्याच्या दारात आलास की भोकाड पसरायचास. म्हणायचास, बाबा कुत्र्याचे दात काढत नाहीत, म्हणून ते चिडलंय. एकदा तर तुझं बघून बाकावरची दोन पोरं रडायला लागली आणि त्यातला एक पेशंट आईसकट पळून गेला. ह्यांनी त्याच रविवारी पट्टी रुंद केली. तुला सांगितलं, कुत्रं घरी गेलं. नंतर तू विसरलास, आम्हीही विसरलो. हिचा तर जन्मही झाला नव्हता."

भावाने चित्राकडे पाहिलं, कुत्र्याच्या तोंडाकडे, आणि फोन खिशात घातला. बहिणीने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला.

"दादा," ती म्हणाली, "तू पोलिसांना काय सांगणार होतास?"

"पुरे," तो म्हणाला. मग वहिनींकडे न बघता, "माझं बोलणं जरा जास्त झालं."

"जरा?" नणंद म्हणाली.

"खूप झालं," तो म्हणाला. "माफ करा."

वहिनींनी मान डोलावली. राग गेला नव्हता. तो इतक्या लवकर जाणार नव्हता. पण काम राहिलं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही प्रती काढल्या आणि वाचून दाखवल्या. चित्र छापील, शोभेचं, स्थिती चांगली, विकायला गेलं तर फारसं काही मिळणार नाही. फ्रेम हाताने कोरलेली, तिच्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख. तिची किंमत चित्राच्या कितीतरी पट. सामानवाला तिच्याच मागे होता.

"तरीच!" भाऊ म्हणाला. "त्याने कोपऱ्यावर नख घासलं होतं. मला वाटलं, धूळ बघतोय."

"आणि मला सांगितलं नाहीस," बहीण म्हणाली. खोलीतली हवा पुन्हा बदलायला लागली. "मग ही फ्रेम आता कोणाची?"

"माझी," आई म्हणाली. "माझ्या सासूची होती, मी अजून जिवंत आहे. बाई, हिच्यात पुन्हा आरसा बसवता येईल का? मुलाच्या घरात सगळे आरसे उंचावर आहेत. मला नुसतं कपाळ दिसतं."

"येईल की."

"आणि चित्राला साधी पट्टी लावा. कुत्र्यासकट. दोन्ही माझ्या खोलीत."

दोन्ही मुलांनी तोंड उघडलं. आईने काठी जमिनीवर आपटली नाही की आवाज चढवला नाही; ती नुसती आळीपाळीने एकेकाकडे बघत राहिली. दोघांची तोंडं मिटली.

पंधरा दिवसांनी वहिनी स्वतः ते टांगायला गेल्या. आईच्या खोलीत खिडकीसमोरची भिंत रिकामी होती, पण तिथे दुपारचं ऊन यायचं, म्हणून त्यांनी बाजूची भिंत निवडली. बहीणही आली होती. ती लांब उभी राहून डावीकडे, उजवीकडे सांगत होती. भावाने भिंतीला भोक पाडलं आणि दोनदा चुकवलं. ओलं फडकं लावायचं नाही, साबण तर मुळीच नाही, महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, हे वहिनींनी सांगितलं. बहिणीने ते लिहून घेतलं. भावाने ती काय लिहितेय ते तिच्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "महिन्यातून एकदा, आठवड्यातून नाही." ती म्हणाली, "तेच लिहिलंय. चष्मा लाव."

आरसा खाली लावला होता, पलंगावर बसून दिसेल असा. आई त्याच्यासमोर बसली आणि तिने बऱ्याच दिवसांनी आपला पूर्ण चेहरा बघितला. मग तिने तोंड उघडून दात पाहिले. सगळे तिचेच होते, दोन सोडून.

"ह्यांनी बसवलेले," तिने वहिनींना ते दोन बोटाने दाखवले. "अजून हलत नाहीत."